चिंचोके आणि सुका फ्लॅश

फोटोग्राफीचा छोटा धंदा कसा उभा करावा, हे विचारायला माझ्याकडे अधूनमधून कुणीतरी येतं. बहुतेकांना माझ्याकडून कॅमेऱ्याचं मॉडेल हवं असतं. ते मी सांगत नाही. मी आधी विचारतो, "लग्नात स्टेजवर कोण कोण चढतं, सांग." नवरानवरी, आईबाप, मामा, मित्रमंडळी, एवढं सांगून माणूस थांबतो. मांडव बांधणारा, पाणी वाढणारी, बिल्डिंगचा वॉचमन हे त्याच्या यादीत नसतात. मग मी म्हणतो, जा, यादी पुरी करून ये. काहीजण रागावून जातात ते परत येत नाहीत. न येवोत. माझ्यावर रागावलेल्या माणसांची कमतरता मला कधीच पडली नाही.

हा प्रश्न मला फुकट सुचलेला नाही. नव्वदच्या दशकात विरार स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत मी कामाला होतो. मालकाला आम्ही शेठ म्हणायचो. माणूस मराठी, बोलायला गोड, आणि हात चांगला, हे मी आजही नाकारत नाही. आगाशी, नंदाखाल, निर्मळ या पट्ट्यातलं कुठलंही बरं लग्न असो, फोटो शेठचे. मी दोन वर्षं नुसता दिवा धरला. मग एका लग्नात शेठचा हात मुरगळला आणि कॅमेरा माझ्या हाती आला, तो राहिला. फोटो मी काढायचो, मागे शिक्का शेठचा बसायचा. त्याचंही मला फार वाटत नव्हतं. दुकान त्याचं, शिक्का त्याचा.

रोल महाग होते. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि लग्नाचा सौदा ठरतानाच किती रोल वापरायचे ते ठरलेलं. पण स्टेजवर पाकीट घेऊन चढणाऱ्या प्रत्येकाला फोटो हवा असतो. त्याला नाही म्हटलं तर यजमानाचा अपमान. यावर शेठकडे उपाय होता. फ्लॅशच्या पाठीमागे एक बारीक बटण असतं. ते दाबलं की दिवा चमकतो, पण कॅमेऱ्याचा पडदा उघडत नाही आणि रोल पुढे सरकत नाही. समोरच्याला वाटतं फोटो निघाला. तो खूश होऊन जेवायला जातो. याला आम्ही सुका फ्लॅश म्हणायचो. शेठ माझ्या खांद्याशी उभा राहायचा, चढणाऱ्याच्या पायांतल्या चपला बघायचा आणि चप्पल झिजलेली असली की हळूच म्हणायचा, "सुका." मी बटण दाबायचो. किती दाबले, त्याची गणती नाही. तेव्हा मला त्यात काही वाईटही दिसत नव्हतं. पोट भरत होतं.

माझे वडील मुंबईला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. कोकणातून आलेले, विरारला चाळीत दोन खोल्या, आयुष्यभर दोन शर्ट बाहेरचे आणि एक लग्नाचा. फोटो काढून घ्यायची त्यांना हौस नव्हती असं आम्ही समजत होतो. खरं तर त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

चाळीतल्याच एका मुलीच्या लग्नाचं काम आमच्या स्टुडिओकडे आलं. वडील रांगेत होते. लग्नाचा शर्ट, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. स्टेजवर चढल्यावर त्यांनी मला कॅमेऱ्यामागे पाहिलं आणि नवरीच्या बाजूला छाती काढून उभे राहिले. मुलगा फोटो काढतोय म्हणून. शेठने खाली पाहिलं. चपलेचा अंगठा शिवलेला होता.

"सुका," शेठ म्हणाला.

मी म्हणालो, "शेठ, वडील आहेत."

"कळलं. रोलमध्ये चारच राहिलेत आणि नवऱ्याचा काका यायचाय. मार."

मी बटण दाबलं. शेठने माझा हात धरला नव्हता. मी स्वतः दाबलं. वडील हसले आणि उतरताना मला मान डोलावून गेले, काम छान चाललंय अशा अर्थी.

पुढचे काही महिने ते विचारायचे, "त्या लग्नातला आपला आला का रे?" मी म्हणायचो, धुवायला टाकलेत. मग म्हणायचो, लॅबमध्ये गर्दी आहे. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. दोन वर्षांनी ते गेले. दहाव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून घर उलटंपालटं केलं, तर निघालं फक्त मतदाराचं ओळखपत्र. त्यावरचा फोटो सगळ्या देशाचा जसा आला होता तसाच त्यांचाही: डोळे बावरलेले, चेहऱ्यावर चिखल फासल्यासारखी सावली. तोच मोठा करून लावला. फोटोग्राफरच्या बापाचा फोटो.

मी शेठकडे गेलो. म्हटलं, त्या लग्नाच्या निगेटिव्ह काढा, कुठे मागच्या रांगेत तरी असतील. शेठने डबा काढलासुद्धा नाही.

"सुक्याचा फोटो कुठून आणू? आणि तुझा बाप म्हणून रोल काय झाडाला लागतात?"

मी काउंटरवर हातातला फ्लॅश आपटला. काच तडकली. शिव्याही दिल्या, त्या लिहिण्यासारख्या नाहीत. मी पायऱ्या उतरताना शेठ मागून म्हणाला, "वर्षाच्या आत याच दारात येशील. या पट्ट्यात तुला कोण कॅमेरा धरू देतं बघतो." आणि त्याने ते खरं करून दाखवलं. मी ज्या ज्या मांडवात गेलो, तिथे शेठचा निरोप माझ्याआधी पोचलेला असे: पोरगा तापट आहे, काउंटर फोडतो.

काही वर्षं मी दुसऱ्यांच्या हाताखाली वसई, नालासोपारा करत हिंडलो. मग डिजिटल कॅमेरे आले आणि मला पहिल्यांदा हिशोब कळला. रोलच नाही तर सुका कशाला? एवढी साधी गोष्ट, पण जुने धंदेवाले ती हसण्यावारी नेत होते. शेठ सगळ्यांना सांगायचा की ते खेळणं आहे, त्यात जीव नसतो.

आम्ही तोवर बोळिंजला भाड्याने राहायला आलो होतो. बायकोने बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी लावली होती. तिने पहिला नंबर मागून घेतला, तोही भांडून. ती भिशी आणि माझं साठवलेलं घेऊन मी मुंबईला कॅमेऱ्यांच्या बाजारात गेलो. दुकानदार हसत म्हणाला, "फिक्स्ड रेट." मी म्हटलं, ठीक आहे, रेट फिक्स, सामान फिक्स नाही. किंमत मी एका शब्दानेही कमी करायला सांगितली नाही. दुसरी बॅटरी मागितली, दुसरं कार्ड मागितलं, बॅग, टीव्हीला जोडायची वायर. तीन वेळा दुकानातून बाहेर पडलो. तिसऱ्या वेळी तो रस्त्यावर बोलवायला आला. आजही नवीन माणसाला मी हेच सांगतो: किमतीवर भांडलात तर दुकानदार दुसरीकडून वसूल करतो, सोबतच्या सामानावर भांडा. आणि दुसरी बॅटरी व दुसरं कार्ड नसेल तर लग्न घेऊ नका, कॅमेरा कितीही भारी असो. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली पुस्तिका मी पोथीसारखी वाचली. इंग्रजी यथातथाच, पण चित्रं होती आणि डिक्शनरी होती. तिच्याएवढा चांगला गुरू मला पुढे कुठल्याही क्लासमध्ये भेटला नाही.

बोळिंजला एका नव्या बिल्डिंगखाली छोटा गाळा घेतला. अकरा महिन्यांचा करार. शेजारी सायबर कॅफे. तो चालवणारा गृहस्थ रात्रंदिवस कॉम्प्युटर उघडून बसलेला असे, आणि फोटोच्या सीडी कशा बनवायच्या, दोन प्रती का ठेवायच्या, त्या एकाच कपाटात का ठेवू नयेत, हे सगळं मला त्याने शिकवलं. बदल्यात मी त्याच्या सगळ्या घराचे पासपोर्ट फोटो काढून दिले.

धंदा मात्र पासपोर्ट फोटोंवरच अडकला. लग्नाचं विचारायला लोक यायचे, सगळं ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "निगेटिव्ह कुठाय?" निगेटिव्ह नाही म्हटलं की संशयाने बघायचे. हाताला लागत नाही तो पुरावा कसला. नऊ महिने झाले. गाळामालकाने सांगून टाकलं की मे महिन्यात करार संपला की गाळा औषधाच्या दुकानाला जाणार, नाहीतर भाडं वाढवून द्या. घरी बायको भिशीचे हप्ते भरत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

अशात नंदाखालहून बोलावणं आलं. केळीच्या आणि नारळीच्या वाड्या असलेलं जुनं घर, थोरल्या मुलाचं लग्न. त्या बाजूला एक रीत आहे. लग्न ठरलं की लोक विचारतात, अमक्याच्या लग्नाचे फोटो कुणी काढले होते? आणि त्यालाच बोलावतात. या घराचं लग्न मिळालं तर अख्खा पट्टा उघडणार होता. नाही मिळालं तर मे महिन्यात मी गाळ्याची चावी देणार होतो आणि जायला एकच दार उरत होतं. ते दार कुणाचं, हे सांगायला नको.

ओट्यावर पोचलो तर शेठ आधीच खुर्चीत बसलेला. घरातल्या काकांनी आम्हा दोघांना मुद्दाम एकाच वेळी बोलावलं होतं. केळीचे लोंगर घ्यायला व्यापारी आले की ते असेच समोरासमोर बसवायचे. घरात त्यांची स्वतःची बोली चालायची, आमच्याशी मात्र शाळेत शिकल्यासारखी मराठी. कोपऱ्यात त्यांची बहीण बसली होती, सगळे तिला आत्या म्हणत. ती सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, पानात बांधत होती आणि मान वर न करता सगळं ऐकत होती.

"बोला," काका म्हणाले.

शेठने दर सांगितला. मी माझा सांगितला, जास्त होता. शेठ हसला आणि आपला आणखी खाली आणला.

"तुम्ही?" काकांनी मला विचारलं.

"माझा तोच."

"मग कशाला आलात? चहा प्यायला?"

"काका, तुमच्या मांडवात किती माणसं चढतील? घरची, गावची, वाडीत पाणी लावणारी, टोपल्या उचलणारी?"

"सगळी चढतील. आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

"तर माझं असं आहे. जितके फ्लॅश, तितके फोटो. स्टेजवर नवरानवरी उभी राहिल्यापासून माझा एक जरी फ्लॅश फुकट गेला, एक जरी माणूस फोटोत नसला, तर मला एक पैसा देऊ नका."

शेठचा पेला बशीवर वाजला. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "फ्लॅश मारला की फोटो येतोच ना?"

"शेठना विचारा," मी म्हटलं.

"येतोच," शेठ म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

"आणि मोजणार कोण? लग्नात आम्हाला तेवढाच उद्योग?"

तेव्हा आत्या पहिल्यांदा बोलली. "मी मोजते. मला त्या दिवशी दुसरं काम काय, नुसती खुर्चीत बसवून ठेवणार तुम्ही. नारळ मोजताना विसाला एक चिंचोका टाकते, इथे एकाला एक टाकीन. याचे मी मोजते, त्यांचे वहिनी मोजेल."

काका खो खो हसले. सौदे करणाऱ्या माणसाला सौद्यात गंमत सापडली की तो सौदा मोडत नाही. "दोघेही या," ते म्हणाले. "ज्याचा हिशोब जुळेल, त्याला पैसे आणि धाकट्याचं लग्नही. ज्याचा नाही, त्याला जेवण."

शेठने मान्य केलं. नाही म्हणाला असता तर का नाही, ते सांगावं लागलं असतं. शिवाय त्याला वाटलं असणार, दोन म्हाताऱ्या, चार तास, गर्दी, बँडबाजा, कसल्या मोजतायत. वाडीतून निघताना तो मला म्हणाला, "बापाचं अजून उकरतोयस?" मी उत्तर दिलं नाही. मी उत्तर दिलं नाही अशा घटना माझ्या आयुष्यात मोजक्या आहेत, ही त्यातली एक.

लग्नाच्या दिवशी मांडवात दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर आत्या, एकीवर वहिनी, म्हणजे काकांची बायको, दोघींच्या मांडीवर पितळी वाडगा. दोघी नव्या लुगड्यांत, आणि नवरीकडे एकीचंही लक्ष नाही. दिवा चमकला की टक. टक. पाहुणे येऊन विचारायचे, आत्या, हे काय? ती म्हणायची, "बोलू नको, चुकेल."

पहिला तासभर शेठ जपून वागला. मग वाडीतली माणसं चढू लागली. मी कॅमेऱ्यातून डोळा काढून त्याच्याकडे पाहत होतो. त्याने चपलांकडे पाहिलं. ठरवून नसेलही, पण वीस-पंचवीस वर्षांची सवय, अंगठा आपोआप त्या बटणावर गेला. खिशातले रोलही त्याने नेहमीच्याच हिशोबाने आणले होते. दिवा चमकला, वहिनीच्या वाडग्यात टक वाजलं, आणि रोल पुढे सरकवायची कट्ट ती मात्र आली नाही. मांडवात तो फरक ऐकू येणारा मी एकटाच होतो.

केळीला पाणी लावणारा एक म्हातारा गडी चढला. केसांना पाणी लावून भांग पाडलेला. कुठे उभं राहावं ते त्याला कळेना. शेठ खाली बघत होता. मी पुढे झालो, त्याला नवरीच्या बाजूला घेतलं, म्हटलं, "बाबा, मान वर करा." एक काढला. पुन्हा एक काढला. तिसरा काढला. आत्याचे तीन चिंचोके गेले.

संध्याकाळी काकांच्या टीव्हीला मी वायर जोडली. लग्नाच्या दिवशीच लग्नाचे फोटो, ही गोष्ट तिथे कुणी पाहिली नव्हती. अल्बम दोन महिन्यांनी यायची सवय. ओटी माणसांनी भरली, लोक खिडक्यांत उभे राहिले. प्रत्येक फोटोला कुणीतरी ओरडायचं, "बघ बघ, तुझं पोट." गड्याचा फोटो आला तेव्हा तो दारात उभा होता. त्याने पाहिलं आणि डोक्यावरची टोपी उगीच काढून पुन्हा घातली. मी तो फोटो जरा जास्त वेळ ठेवला.

आत्या एकेका फोटोला वाडग्यातून एकेक चिंचोका बाहेर काढत होती. शेवटचा फोटो संपला. तिने वाडगा पुढे केला. तळाशी सात चिंचोके होते.

शेठ कोपऱ्यात उभा होता. "डिजिटलचाही सुका निघाला की," तो म्हणाला.

पहिल्यांदा वाटलं, म्हातारी चुकली. तोंडापर्यंत आलंही होतं. आणि मग आठवलं. दुपारी पंगतीच्या वेळी पहिलं कार्ड भरलं होतं. जागा व्हावी म्हणून मी त्यातले डोळे मिटलेले फोटो पुसून टाकले होते. सात. पुढे दुसरं कार्डच पुरलं, पहिल्याला पुन्हा हात लावायची गरजही पडली नाही. म्हणजे रोलच्या काळात शेठ जे बटणाने करायचा, ते मी न सांगता, न विचारता, दुसऱ्या बटणाने केलं होतं. कुणाचा फोटो ठेवण्यासारखा आणि कुणाचा नाही, हे मीच ठरवून मोकळा झालो होतो.

मी सरळ सांगितलं. "आत्या, तुम्ही बरोबर आहात. सात मी पुसले. डोळे मिटलेले होते."

"कुणाचे?"

"आठवत नाही."

काका म्हणाले, "मग शब्द काय होता आपला?"

"उद्या सकाळपर्यंतचा वेळ द्या. नाही आणले तर एक पैसा घेणार नाही आणि या गावात पुन्हा कॅमेरा आणणार नाही." हे मी कशाच्या जोरावर बोललो, मला माहीत नाही. रागाच्या भरात माणूस सौदा करतो तसा केला. शेठकडे पाहून केला.

सकाळी सायबर कॅफे उघडायच्या आधी मी पायरीवर बसलो होतो. कॅफेवाल्याने शटर वर केलं, सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "पुसल्यावर त्या कार्डवर पुन्हा काढलेस?"

"एकही नाही."

"मग आहेत."

त्याने समजावलं की पुसलेला फोटो लगेच जात नाही, त्याच्यावर दुसरा बसेपर्यंत तिथेच पडून असतो. वहीतलं पान फाडलेलं नसतं, अनुक्रमणिकेतलं नाव तेवढं खोडलेलं असतं. त्याच्याकडे त्याचा प्रोग्राम होता. अर्धा तास पडद्यावर एक पट्टी सरकत होती आणि मी तिच्याकडे शत्रूसारखा बघत होतो. मग ते एकेक उगवले. सहा, आणि सातवा. त्या दिवसापासून माझ्या गाळ्यात नियम आहे, अजूनही आहे: कार्डावर काहीही पुसायचं नाही. डोळे मिटलेले असोत, डोकं कापलेलं असो. घरी आणा, दोन ठिकाणी उतरवा, ज्याचा फोटो त्याला दाखवा, मग तो म्हणेल ते करा. नवीन माणसाला दुसरं काही शिकवलं नाही तरी चालेल, एवढं शिकवा.

सातही फोटोंच्या प्रिंट काढून मी नंदाखाल गाठलं. आत्या ओट्यावरच होती. मी फोटो तिच्यापुढे ठेवले, तिने एकेका फोटोवर एकेक चिंचोका ठेवला. सातव्यावर थांबली. तो तिचाच होता. मांडीवर वाडगा, मान किंचित वाकलेली, डोळे मिटलेले.

"ही मी, तू पुसलेली, होय?"

"हो."

तिने फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. "यात मी आईसारखी दिसते," ती म्हणाली. "ती जपाला बसायची तेव्हा अशीच. आईचा फोटो नाही आमच्याकडे. हा मोठा करून दे." मग वाडगा उपडा करून काकांना दाखवला. "याचा जुळला."

शेठचा अल्बम पुढच्या महिन्यात आला. काकांनी निरोप धाडून मलाही बोलावलं, व्यापाऱ्यांना समोरासमोर बसवायची सवय. अल्बम देखणा होता, खरंच. वहिनीने फोटो मोजले, वाडग्यात चिंचोके अर्धे-अधिक उरले. काकांनी पानं उलटली, पुन्हा उलटली.

"आमची वाडीतली माणसं कुठायत, शेठ?"

"एक रोल खराब निघाला. लॅबवाल्याने घात केला."

"एका रोलात किती येतात?"

"छत्तीस."

काकांनी वाडगा शेठच्या पुढ्यात सरकवला. "मोजा," ते म्हणाले. "छत्तीस झाले की थांबा. उरतील त्यांचं काय, ते सांगा."

शेठने वाडग्याला हात लावला नाही. काका काही रागावून बोलले नाहीत. त्यांनी आत हाक मारली, "शेठना जेवायला वाढा." ठरलं तेच. शेठ जेवायला थांबला नाही. मी थांबलो, आणि दोनदा भात घेतला.

धाकट्याचं लग्न मला मिळालं. त्याच्या आधी शेजारच्या आळीतलं मिळालं. उन्हाळा संपेपर्यंत नंदाखाल, आगाशी, निर्मळ सगळीकडून निरोप आले, आणि पुढच्या हंगामात भुईगावच्या एका ख्रिस्ती घरातलं लग्न. तिथे सौदा ठरवताना घरची बाई म्हणाली, "तो चिंचोकेवाला फोटोग्राफर तूच ना?" निगेटिव्हचं नाव कुणी काढलं नाही. मे महिन्यात गाळामालक आला. मी करार पुढे नेला, भाडं त्याने वाढवलं त्यातलं निम्मं उतरवून घेतलं, वर शटरला रंग त्याच्याच खर्चाने लावायला लावला. बायकोने शेवटचा भिशीचा हप्ता भरला त्या दिवशी पहिल्यांदा बोलली: "पुढच्या भिशीत प्रिंटर घेऊया." आम्ही घेतला.

काही वर्षांनी स्टेशनजवळचा तो स्टुडिओ बंद झाला. लॅबवाल्यांनी रोल धुणंच थांबवलं. एक दिवस दुपारी माझ्या गाळ्याच्या दारात शेठ उभा. कसल्याशा कार्डासाठी पासपोर्ट फोटो हवा होता. म्हातारा झाला होता, पण भांग तसाच चापून पाडलेला. मी उठून खुर्ची दिली नाही. स्टुलावर बसवलं, सगळ्यांना बसवतो तसं. चार फोटो काढले आणि चारही पडद्यावर दाखवले, सगळ्यांना दाखवतो तसे.

तो एकेक बघत होता. मग त्याची नजर भिंतीवर गेली. मतदार कार्डावरून मोठा केलेला तो फोटो मी गाळ्यात लावलाय. गिऱ्हाइकं मला सांगतात, फोटोच्या दुकानात असला खराब फोटो बरा दिसत नाही. मी काढत नाही.

"हा कुणाचा?" शेठने विचारलं.

"तुम्ही सुका म्हणालात त्यांचा."

शेठ भिंतीकडे बघत राहिला. काहीतरी बोलेल असं मला वाटलं. मी वाट पाहिली, खरोखर पाहिली. त्याने घसा साफ केला आणि पडद्यावरच्या तिसऱ्या फोटोवर बोट ठेवलं.

"हा दे. आणि जुनं माणूस आहे, दहा रुपये कमी कर."

"रेट फिक्स आहे," मी म्हणालो, आणि प्रिंट काढायला घेतली.